विनाअपघात पंचवीस वर्षं

पोरगी ‘कागलच्या अलीकडं, ओढ्याच्या पुलाजवळ’ म्हणाली आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. पायाखाली ब्रेक नव्हता, हॉलमधली सतरंजी होती. शेजारच्या टँकरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असणार, पेटका आला गड्याला. मी पाय उचलून घेतला, पण मांडीतला ताण काही सुटेना. ड्रायव्हरचा पाय डोक्याच्या आधी शहाणा होतो, असं मी नव्या पोरांना नेहमी ऐकवतो, मोठा मास्तर असल्यासारखा. म्हणजे नक्की काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. दोन हजार पाचचा जानेवारी, रस्ता सुरक्षा सप्ताह, कोल्हापुरातल्या एका कॉलेजचा हॉल. पुढच्या रांगेत आम्ही सात ड्रायव्हर, इस्त्रीचे कपडे, चापून बसवलेले केस, छातीवर कागदी फूल, नवरदेवाकडच्या पाहुण्यांसारखे अवघडून बसलेलो. मी बाळासो, सूतगिरणीच्या कामगार-बसवर ड्रायव्हर, विनाअपघात सेवा पंचवीस वर्षं. हे सगळं माझ्या नावापुढं छापलं होतं. सत्कार शेवटी होता, त्याआधी भाषणं. हेल्मेट झालं, रेडियमच्या पट्ट्या झाल्या, आता दारू पिऊन गाडी चालवण्यावर ही पोरगी बोलायला उभी राहिली होती. दीपा तिचं नाव. वीस-एकवीस वर्षांची, सडपातळ, आवाज मात्र खणखणीत. कागलच्या अलीकडच्या एका खेड्यातली. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून तिनं बायकांचं मतदान लावून घेतलं होतं, म्हणून आरटीओच्या साहेबांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं.

ती म्हणाली, माझे आप्पा, तवनाप्पा, सकाळी मोपेडवरून कागलच्या डेअरीला दूध घालायला निघाले होते. अकरा जानेवारी चौऱ्याण्णव. मी नऊ वर्षांची होते. रस्ता सरळ, पुढं गाडी नाही, मागं गाडी नाही, रस्त्यावर खड्डासुद्धा नाही. तरी ते पडले आणि जागेवर गेले. पोलिसांनी लिहिलं, दारूच्या नशेत तोल जाऊन. आमच्या जैन समाजात हे सांगायलासुद्धा तोंड राहत नाही, पण मी सांगते, कारण लपवून कुणाचा बाप वाचत नाही. मागं कुणी बाई रडली. मी खाली सतरंजीवरचा एक फाटका धागा बघत बसलो होतो आणि मला मनातल्या मनात सारखं वाटत होतं की ही आता थांबंल, आता थांबंल. ती थांबत नव्हती. सरळ रस्ता, सरळ रस्ता, असं तिनं दोनदा म्हटलं.

रस्ता सरळ होता हे खरं आहे. त्या दिवशी धुकं होतं, हे तिला माहीत नसावं. गिरणी कागलच्या पुढं, पहिली पाळी सातची, त्यामुळं पावणेसहाला बस कोल्हापुरातून सुटायची. पुलाच्या जरा अलीकडं मागचं चाक बसलं. डावीकडं घेऊन थांबलो. पंक्चर झालं की आमची पद्धत ठरलेली: एक दगड चाकाला लावायचा आणि मागं वीस पावलांवर आणखी तीन दगड मांडून त्यात बाभळीची फांदी खोचायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं की गाडी उभी आहे. ट्रकवाले तेच करतात, उसाचे ट्रॅक्टरवाले तेच करतात. मी स्वतः दगड मांडले. चांगले डोक्याएवढे होते, कारण लहान दगड धुक्यात दिसत नाहीत म्हणून मी मुद्दाम मोठे हुडकले होते. केरबा जॉबर, कामगारांचा मुकादम, बॅटरी धरून उभा राहिला, मी चाक बदललं. आत चाळीस माणसं. सातला फाटक बंद व्हायचं, मग अर्ध्या दिवसाचा खाडा. आतनं शिव्या सुरू झाल्या, बाळू, आवर की, आज काय इथंच सूत काततोस काय. मी नट आवळले, जॅक काढला, चाकाचा दगड लाथेनं बाजूला केला आणि गाडीत चढलो. मागचे तीन तिथंच राहिले. केरबाला वाटलं मी काढले, मला वाटलं केरबानं काढले, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं बोलायचं तर मला काहीच वाटलं नव्हतं. मला दगडांची आठवणच नव्हती. माणूस मारायला राग लागतो, वैर लागतं, असं आपण समजतो. डोंबलाचं वैर. नुसती घाई पुरते.

पाळी उतरवून, रात्रपाळीची माणसं घेऊन मी साडेसातला परत त्याच वाटेनं आलो. धुकं वर गेलं होतं. पुलाजवळ रस्त्यावर दूध सांडलेलं होतं. अर्धा रस्ता पांढरा, आणि एक कुत्रं कडेनं ते चाटत होतं. एम-एटी मोपेड पुढं घसरत जाऊन पडली होती, दुधाचे कॅन चेपले होते, माणसाला जीपमध्ये घालून नेलं होतं. आठ-दहा लोक त्या एम-एटीभोवती उभे होते. मागं दगडांकडं कुणाचं लक्ष नव्हतं, रस्त्यावरच्या दगडाकडं आपल्याकडं कोण बघतो. एकावर रबराचा काळा ओरखडा उठला होता. मी बस थांबवली, उतरलो, रस्ता ओलांडला आणि तिन्ही दगड एकेक करून उचलून ओढ्यात टाकले. फांदीसुद्धा टाकली. आणखी कुणी आदळू नये म्हणून टाकतोय, असं मी मनाशी म्हणत होतो, आणि अगदी खोटं नव्हतं ते. पण शेवटचा दगड पाण्यात पडला तेव्हा माझ्या छातीतलं काहीतरी हलकं झालं, ते आणखी कुणासाठी नव्हतं. नंतर हवालदार आला असेल तेव्हा त्याला काय दिसलं? सरळ मोकळा रस्ता आणि पडलेली गाडी. मग पिलेलाच असणार की. त्यानं ते लिहिलं, पण त्याच्या हातात ते मी दिलं होतं. हा एवढा साधा हिशोब अकरा वर्षांत माझ्या टाळक्यात शिरला नव्हता, तो त्या पोरीनं सरळ रस्ता म्हटल्यावर शिरला.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर केरबानं विचारलं होतं, दगड काढले होतेस न्हवं? मी व्हय म्हटलं. तीन वर्षांपूर्वी तो गेलासुद्धा, त्यामुळं ह्या गोष्टीचा दुसरा धनी कुणी उरला नाही. दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या, दारूच्या नशेत मोपेडवरून पडून एकाचा मृत्यू. चहाच्या टपरीवर उभा राहून मी त्या वाचल्या. लाज वाटते सांगायला, पण मला इतकं हायसं वाटलं की मी दुसरा चहा मागवला. पिलेला होता. मग दगड असता नसता, तो कुठंतरी पडलाच असता. त्या चार ओळींवर मी अकरा वर्षं जगलो. पौर्णिमेला विहारात आम्ही सगळे पंचशील म्हणतो; चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, पाचवं दारूला न शिवण्याचं. पाचवं मी मोठ्यानं म्हणायचो, छाती काढून. चौथ्याला माझा आवाज बायकोला, ललिताला, ऐकू जात नसे. तिनं एकदा विचारलं, घसा बसलाय काय तुमचा? मी धुळीवर ढकललं.

आणि त्यात कहर म्हणजे सत्कार कशाचा, तर दगडांचाच. त्या दिवसानंतर मी रस्त्यावर दगड मांडला नाही. पाच लिटरचे तेलाचे रिकामे डबे घेतले, तांबडे रंगवले, त्यावर रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या, आत वाळू भरली आणि ते चार डबे कायम सीटखाली ठेवले. मोजून काढायचे, मोजून परत ठेवायचे, चार पुरे झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. गिरणीच्या सगळ्या ड्रायव्हरांना मी ते करायला लावलं. कुणी दगड उचलला की माझं डोकं फिरायचं, एकाच्या तर मी थोबाडीत मारली होती. मॅनेजर खूश. त्यांनीच माझं नाव पाठवलं. माझं नाव पुकारलं तेव्हा सूत्रसंचालक डब्यांबद्दलच वाचत होता. शाल आली, नारळ आला, प्रमाणपत्र आलं. साहेबांनी माईक माझ्यापुढं धरला आणि विचारलं, ही कल्पना कशी सुचली तुम्हाला? चारशे माणसं माझ्याकडं बघत होती. दीपा व्यासपीठावर तिसऱ्या खुर्चीत होती. आत्ता सांग, आत्ता सांग, असं कानात कुणी ठोकत होतं, तोंडात जीभ सुकून टाळ्याला चिकटली होती. मी म्हणालो, असंच सुचलं. सगळे हसले. साधा माणूस, म्हणाले साहेब, आणि टाळ्या पडल्या.

खाली उतरल्यावर ती माझ्याकडं आली. वाकून नमस्कार केला, मी पाय मागं घेतले तरी केला. म्हणाली, काका, रविवारी आमच्या गावात बायकांची सभा आहे, त्याच्या पुढच्या रविवारी मतदान. तुम्ही पंचवीस वर्षं त्याच रस्त्यावर गाडी चालवली, दारूला कधी शिवला नाही, तुम्ही दोन शब्द बोललात तर बायकांना पटेल. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि येतो म्हणालो. आठवडाभर माझं गाडीवर लक्ष नव्हतं. ओढ्यावर आता चौपदरी रस्ता झालाय, जुना पूल राहिला नाही, खाली नुसता सिमेंटचा बोगदा आहे, कुणाला सांगूनसुद्धा पटणार नाही की इथं पूल होता. तिथं आलं की मी चाळीसच्या वर जात नव्हतो, मागचे हॉर्न वाजवत होते. ललितानं प्रमाणपत्राला काच घालून आणली आणि भिंतीवर तथागतांच्या फोटोशेजारी खिळा ठोकून घेतला. ती खाली उभी राहून तिरकं झालंय काय विचारत होती, मी बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. मी ठरवलं होतं. सगळं सांगायचं. दगडापासून ओढ्यापर्यंत. पोलिसात चला म्हणाले तर जायचं. तो माणूस पिलेला असो नसो, तो माझ्या दगडावर पडला, एवढं तरी त्याच्या घरात कळलं पाहिजे. आणि मी हेही सांगतो, की मला त्या घराची जेवढी काळजी होती, त्याच्या दुप्पट ह्याची होती की हे माझ्या अंगावरून एकदाचं उतरावं.

रविवारी वडापच्या जीपनं गेलो. सभा चारला, मी तीनलाच घर गाठलं. दीपा शाळेत सतरंज्या टाकायला गेली होती. सोप्यात तिची आई, रत्नाबाई, हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. पावणं, बसा की, म्हणाली, पाणी दिलं, परत घाटे पुढं ओढले. पन्नाशीच्या आतली असेल, पण चेहरा त्याहून वापरलेला. भिंतीवर तीर्थंकरांचं चित्र होतं, दीपाची दोन बक्षिसं होती, नवऱ्याचा फोटो कुठंच नव्हता. मी कशी सुरुवात केली ते मला आठवत नाही. एकदा सुरू केल्यावर मात्र थांबलो नाही. धुकं सांगितलं, चाक सांगितलं, तीन दगड, फांदी, परत येताना सांडलेलं दूध, ओढा. ती एकेक घाटा सोलत होती, हिरवे दाणे ताटलीत पडत होते. माझं सांगून झालं तरी पाच-सहा घाटे तिनं सोलले. शेवटी मी म्हणालो, ते पिलेले असतीलही, पण पडले ते माझ्यामुळं.

“पिलेलं न्हवतं,” ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. नवरा कधीतरी प्यायचा, वर्षातनं दोनदा-तीनदा, चोरून, हे तिनं स्वतःच सांगितलं. पण त्या दिवशी नाही. दवाखान्यात त्याच्या तोंडावर तोंड टाकून ती रडली होती आणि त्याच्या मिशांना दुधाचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. ती हवालदाराला सांगत होती, दिराला सांगत होती, भाऊबंदांना सांगत होती. रस्त्यावर काही नव्हतं तर मग पडला कसा, असं सगळे विचारायचे, आणि त्याला तिच्याकडं उत्तर नव्हतं. बस्तीत, जैन मंदिरात, पूजेला गेली की बायका सरकून बसायच्या. वर्षभर ती सांगत राहिली, मग दमली. मी ऐकत होतो. चार ओळींचा माझा आधार तिनं एका वाक्यात काढून घेतला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी उठलो आणि म्हणालो, आज सभेत मी सांगतो. सगळ्यांसमोर. तुमचा माणूस पिलेला नव्हता.

तिनं पहिल्यांदा हातातलं काम थांबवलं. “आणि मग?” म्हणाली. “दुकानवाला उद्या गावभर फिरंल. बघा, बाप पिलाच न्हवता, पोरगी खोटं सांगून मतं मागती म्हणंल. आठ दिस राह्यल्यात. तीन वरीस ती दारोदार फिरलीया.”

मी म्हणालो, पण निदान तिला तरी. पोरीला तरी कळू दे.

तर ती म्हणाली, शाळेत पोरं चिडवायची दारुड्याची पोरगी म्हणून. दोन वर्षं ही रडायची, जेवायची नाही. मग एक दिवस रडायची थांबली आणि म्हणाली, अव्वा, मी दारूच बंद करणार. तेव्हापासनं ती माणसात आली. कॉलेजला गेली, बोलायला लागली, साहेब लोक तिला ओळखायला लागले. ह्या एका गोष्टीवर ती उभी आहे. “तिच्या आप्पाचं नाव मी तिच्यासाठी सोडून दिलं, पावणं. मला म्हायती असून सोडलं. फोटोसुद्धा पेटीत ठेवला, का तर तिनं इचारलं असतं.” एवढं बोलून ती परत घाट्यांकडं वळली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुमाला हलकं व्हायचं हाय, मला कळतंय की. पण माझ्या दारात नगा होऊ.”

मी बसून राहिलो. राग यावा असं वाटत होतं, तिचा, माझा, हवालदाराचा, कुणाचातरी, येत नव्हता. अकरा वर्षं मला वाटत होतं की खरं माझ्याजवळ आहे आणि मी ते दाबून ठेवलंय, मनात आणलं की देऊन टाकता येईल. ते देण्याची मुदत कधीच संपली होती. चौऱ्याण्णवच्या त्या सकाळी, त्या आठ-दहा लोकांसमोर, हवालदार यायच्या आधी, तेव्हा ते तिच्या कामाचं होतं. आता ते नुसतं माझ्या कामाचं होतं. तिनं विचारलं, जेवून जाणार काय, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवत्यात, सभा झाल्यावर लगेच वाढते. मी नको म्हटलं. मग ती म्हणाली, दीपा इचारंल ते तिच्या बाजूनं बोला, तेवढं करा. तेवढ्यात दीपा आलीच, धावत, घामेजलेली, हातात घोषणांचे पुठ्ठे. काका, तुम्ही लवकर आलात, म्हणाली, अव्वानं चहा दिला का? आईनं दिला नव्हता. दोघी मायलेकी माझ्या चहावरून एकमेकींवर कुरकुरल्या, घरात होतं तसं, आणि तो चहा मी प्यालो.

शाळेच्या पटांगणात दीडशे तरी बायका असतील. पुढं म्हाताऱ्या, मागं पोरंबाळं घेतलेल्या. भिंतीपलीकडं दोन-चार पुरुष सायकली धरून ऐकत होते, त्यातला एक दुकानवाल्याचा भाऊ, असं दीपानं मला हळूच सांगितलं. रत्नाबाई दुसऱ्या रांगेत येऊन बसली, डोक्यावर पदर. दीपानं माझी ओळख करून दिली, पंचवीस वर्षं, एकही अपघात नाही. मी डब्यांचं सांगितलं, वेगाचं सांगितलं, पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या मागं बसू नका म्हणून सांगितलं. सरावाचं होतं, निघत गेलं. संपवून खाली बसणार, एवढ्यात भिंतीपलीकडनं दुकानवाल्याचा भाऊ ओरडला, तवनाप्पा पिलेला होता ह्याला कोण साक्षीदार हाय? उगंच मेलेल्या माणसाचं नाव घालून मतं मागताय काय? बायकांत कुजबुज झाली. दीपाचा चेहरा उतरला. एवढी खणखणीत पोरगी, पण त्या क्षणी नऊ वर्षांची दिसली. ती माझ्याकडं वळली. काका, तुम्ही रोज सकाळी त्याच रस्त्यानं जायचा. त्या दिवशी तुम्ही असालच की. तुम्ही काही बघितलं होतं?

माईकमधून माझा श्वास ऐकू येत होता. मी रत्नाबाईकडं बघितलं. तिनं मान हलवली नाही, डोळे खाली केले नाहीत, काहीच केलं नाही. मला वाटलं पळून जावं. वाटलं, हिला सांगून टाकावं, आत्ताच्या आत्ता, काय व्हायचं ते होऊ दे. जीभ मोकळी होती ह्या वेळी, चांगली ओली होती, काहीही बोलता आलं असतं.

“बघितलं होतं,” मी म्हणालो. “पाठोपाठ माझी बस होती. रस्त्यावर काही सुदीक न्हवतं. लई पिलेलं होतं ते.”

बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. भिंतीपलीकडचे सायकली वळवून निघून गेले. दीपानं डोळे पुसले, माईक हातात घेतला आणि तिचा आवाज परत पहिल्यासारखा झाला. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. रत्नाबाईनं पदर सारखा केला, इकडं-तिकडं एकदा बघितलं आणि मग तिनंही वाजवल्या. ती माझ्याकडं बघत नव्हती, लेकीकडं बघत होती.